डबलबेडची मूळ फाइल

सकाळी ऑफिसात आलो, मशीन चालू केलं, नव्या वसाहतीच्या मजल्याचं ड्रॉइंग उघडलं आणि बघतो तर अर्धा पलंग इमारतीच्या बाहेर हवेत. कोपऱ्यातल्या फ्लॅटची भिंत भेदून तो बाहेर आला होता आणि पार्किंगच्या डोक्यावर उशीसकट तरंगत होता. मला आधी वाटलं, चष्मा. चष्मा पुसला. मग वाटलं, अपुरी झोप. हल्ली आमच्या घरात झोप हा विषयच नाजूक झालाय. मग शेजारचा फ्लॅट पाहिला. तिथे पलंगाचा डावा अर्धा भाग आपल्या जागी, एका उशीसह, काहीच न झाल्यासारखा पडला होता आणि उजवा अर्धा भाग भिंतीपलीकडच्या न्हाणीघरात, कमोडवर जाऊन बसला होता. त्यापुढचे दोन फ्लॅट एकमेकांचे आरशातले भाऊ, मधे एकच भिंत. तिथे या घरातला उजवा अर्धा त्या घरात गेला होता, त्या घरातला या घरात आला होता, आणि दोन्ही कुटुंबांना त्याचं काही वाटत नसावं असा तो सगळा देखावा होता. प्रत्येक खोलीत, दोन अर्ध्यांच्या मधे, एक छोटं स्टूल होतं आणि स्टुलावर दिवा. मी दिवा मोठा करून पाहिला. गोल टोपी, टोपीला झालर. इतकी झालर कुठलाही शहाणा ड्राफ्ट्समन काढत नाही. दिवा माझा होता, माझ्या हातचा, कालच्या रविवारचा.

आता हे समजायला आमचं कपाट समजून घ्यावं लागेल. कपाट म्हणजे लाकडाचं नव्हे. ऑफिसच्या मोठ्या मशीनवर एक जागा आहे, तिचं नाव मी कपाट ठेवलं, आणि त्यापायी ऑफिसात माझं नावही तेच पडलं. कपाटात सगळं आहे: दारं, खिडक्या, खुर्च्या, बेसिनं, झाडं, मोटारी, झाडाखाली उभी राहणारी माणसं. मी या ऑफिसात आलो तेव्हा ज्याला जे लागेल ते तो स्वतः काढायचा किंवा दुसऱ्याच्या ड्रॉइंगमधून उचलायचा. एका इमारतीत जितकी माणसं राबली तितक्या प्रकारचे कमोड असायचे. मी नियम घालून दिला. कुणी स्वतःजवळ काही ठेवायचं नाही. प्रत्येक वस्तूची एकच मूळ फाइल, ती कपाटात. बाकीच्या ड्रॉइंगांनी तिला नुसतं जोडून घ्यायचं. म्हणजे ड्रॉइंगमध्ये पलंग नसतोच. पलंग कुठे राहतो तेवढं ड्रॉइंगला ठाऊक असतं, आणि उघडलं की ते दर वेळी तिथे जाऊन पलंग आज कसा आहे ते पाहून येतं. एका ठिकाणी सुधारलं की सगळीकडे सुधारलं. साहेबांनी, म्हणजे आमच्या ऑफिसच्या मालक आर्किटेक्टनी, भर मीटिंगमध्ये माझं कौतुक केलं होतं. एका ठिकाणी बिघडलं की काय होईल, हे त्या मीटिंगमध्ये कुणी विचारलं नाही. मी तर मुळीच नाही, मी तेव्हा नम्र दिसण्याच्या खटपटीत होतो. जोडण्यालाही प्रकार आहेत. एखादी फाइल जोडली की तिला जोडलेल्या फाइलीही मागोमाग येतात. माझी मेहुणी तसली आहे. तिला एकटीला बोलावलं तरी नवरा, दोन मुलं, कुत्रं आणि कुत्र्याचं औषध एवढं सगळं दारात उभं राहतं. हे मी एकदा बायकोला कौतुकाने समजावून सांगितलं होतं, तर ती म्हणाली, माझ्या बहिणीला फाइल म्हणू नका.

काल दुपारी बायको कपड्यांना इस्त्री करत होती आणि मी पेपर वाचत होतो. माझ्या शर्टाची कॉलर उलटवता उलटवता ती म्हणाली, अहो, आपण दोन वेगळे पलंग घेऊ या का. पडदे बदलू या का, हे ज्या आवाजात विचारतात त्याच आवाजात. मी पेपर खाली न घेता विचारलं, का. ती म्हणाली, झोप होत नाही. मी म्हणालो, बरं. या माझ्या बरं-बद्दल मला बोलायचं आहे. बाहेरून ते अगदी समजूतदार होतं, सुशिक्षित नवऱ्याला शोभेल असं. पेपरात कुठल्याशा पुलाच्या उद्घाटनाचा फोटो होता आणि त्यातल्या पाहुण्याच्या हातातल्या कात्रीकडे मी किती वेळ बघत बसलो कोण जाणे. का, हा प्रश्न मी विचारला होता आणि त्याचं उत्तरही मिळालं होतं, पण ते खरं उत्तर नव्हे अशी माझी खात्री झाली. झोप होत नाही हे कारण झालं. कारणामागचं कारण विचारायला धीर लागतो, आणि माझा सगळा धीर बरं म्हणण्यात खर्ची पडला होता. गेल्या काही महिन्यांतल्या बारीकसारीक गोष्टी रांगेने आठवायला लागल्या. सकाळी ती माझ्याकडे टक लावून बघत असते आणि मी डोळे उघडले की दुसरीकडे बघते. आठवड्यापूर्वी मी केस कापून आलो ते तिला दुसऱ्या दिवशी कळलं. औषधांच्या दुकानात ती नोकरी करते, तिथल्या गमती ती पूर्वी चहाबरोबर सांगायची, हल्ली चहा नुसता असतो. इस्त्री झाल्यावर ती म्हणाली, एकदा काढून तरी बघा ना, खोलीत बसतात का. नवऱ्याने स्वतःच्या हाताने, मापात, वेगळं व्हायचा नकाशा काढायचा. दुसऱ्या कुठल्या धंद्यातल्या माणसावर ही वेळ आली नसती. वकिलांवर येत असेल.

मी लॅपटॉप उघडला. ऑफिसचं कपाट घरूनही उघडतं, ती सोय माझीच. आमच्या फ्लॅटचा नकाशा माझ्याकडे आहेच, हौस म्हणून काढून ठेवलेला, आणि त्यात आमच्या खोलीत कपाटातला डबलबेड जोडलेला. पलंगावर बोट ठेवलं, जागच्या जागी दुरुस्ती सुरू केली, आणि मधोमध कापला. कापताना आवाज होत नाही, हे एक बरं. प्रत्येक वस्तूला एक पकडायचा बिंदू असतो, ती तिथे खिळलेली असते; डबलबेडचा बिंदू डावीकडे वर, म्हणजे मी झोपतो त्या बाजूला. त्यामुळे मी जागेवरच राहिलो आणि सरकली ती. मी तिला सरकवलं. थोडं सरकवलं, बघितलं, मग आणखी सरकवलं. मनात काहीतरी दुखल्यासारखं होत होतं आणि दुखतंय म्हटल्यावर मी सढळ हाताने अंतर ठेवलं. घ्या म्हटलं, हवंय ना, घ्या. मधे स्टूल ठेवलं. स्टूल रिकामं वाईट दिसायला लागलं म्हणून दिवा ठेवला, दिव्याला टोपी घातली आणि टोपीला झालर लावत बसलो, कारण झालर लावेपर्यंत तरी काही बोलावं लागणार नव्हतं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून तिने विचारलं, झालं का. त्याच क्षणी मशीननेही विचारलं, केलेले बदल मूळ फाइलमध्ये जतन करायचे का. मी दोघांनाही हो म्हणालो.

आणि मूळ फाइल म्हणजे काय, तर तो आमचाच पलंग. कपाटातली पहिली वस्तू. या ऑफिसात लागलो तेव्हा आमचं नुकतंच लग्न झालं होतं आणि नवा पलंग घरी आला होता. आला म्हणजे जिन्याच्या वळणावर अडकला. नवरा नकाशे काढणारा आणि त्याने जिना मोजला नाही, या गोष्टीवर आमचे सासरे मरेपर्यंत हसले. शेवटी सुताराने उशाची फळी तिथेच, जिन्यात, करवतीने कापली आणि मग पलंग वर गेला. पुढच्याच आठवड्यात साहेबांनी डबलबेड काढायला सांगितलं तेव्हा मी तो घरचा मोजून काढला, फळीशिवाय. बरीच वर्षं आमच्या ऑफिसच्या इमारतींमध्ये कुठल्याच पलंगाला उशाची फळी नव्हती, एका गिऱ्हाइकाने हटकलं तेव्हा एक रेघ घातली. उजवी उशी मात्र अजून किंचित तिरकी आहे. बायको उशी खांद्याखाली ओढून झोपते, सकाळी ती तशीच तिरकी असते, तशीच मी काढली. नवीन आलेला प्रत्येक जण ती सरळ करायला जातो आणि मी त्याला कपाटाचे नियम समजावतो. तर अशी ही वसाहतीतली, हॉटेलांतली, नर्सांच्या क्वार्टरांतली, अर्ध्या शहरातली जोडपी कागदावर आमच्या पलंगावर झोपतात, तिरक्या उशीवर. आणि आज सकाळी ती सगळी वेगळी झोपली होती, आपली काही चूक नसताना. मला खरोखर वाईट वाटलं त्यांच्याबद्दल. ज्यांचं अजून लग्नही झालं नाही, ज्यांनी फ्लॅटचं नुसतं बुकिंग केलंय, त्यांचाही पलंग मी मोडून ठेवला होता.

तेवढ्यात ताई आल्या. ताई म्हणजे आमच्याकडे पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या पाइपांचं काम बघतात, वयाने माझ्याएवढ्याच, पण सगळे ताई म्हणतात. त्या म्हणाल्या, कपाट, तुमचा पलंग माझ्या पाइपावर आलाय. मी म्हणालो, बघतो. त्या म्हणाल्या, तळमजल्यावर तर एक अर्धा गटाराच्या झाकणावर आहे, कोण झोपणार तिथे. मी पुन्हा म्हणालो, बघतो, बघतो. त्या हलल्या नाहीत. माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघत म्हणाल्या, पण कल्पना चांगली आहे हं, आमच्याकडे हे पांघरूण ओढतात. मग आणखी थोडं बघून म्हणाल्या, दिवा छान काढलाय. त्या गेल्यावर मी घाईघाईने शनिवारची जुनी प्रत शोधली, मोडक्या पलंगाच्या जागी ठेवली आणि वसाहत पुन्हा उघडली. पार्किंगवरचा अर्धा घरात आला. न्हाणीघरातला बाहेर आला. आरशातल्या दोन घरांतली गेलेली मंडळी आपापल्या ठिकाणी परतली. एकेक मजला बघत गेलो आणि दर मजल्यावर जीव थोडा थोडा भांड्यात पडत गेला. मग, कुणी बघत नाही असं पाहून, आमच्या घराचा नकाशा उघडला. तिथेही पलंग जोडला गेला होता, तिरक्या उशीसह, स्टूल नाही, दिवा नाही. तो जोडलाच जाणार, तोही त्याच कपाटाला जोडलेला. मी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं असेन. मनात आलं, असाच राहू द्यावा आणि घरी सांगावं, बसत नाहीत, खोली अरुंद पडते. तिने विश्वास ठेवला असता. मापाच्या बाबतीत तिचा माझ्यावर विश्वास आहे, जिन्याचा तो प्रसंग सोडला तर.

साहेबांनी आत बोलावलं आणि दार लावून घ्यायला सांगितलं. साहेबांच्या केबिनचं दार काचेचं आहे, ते लावून काही लपत नाही, पण लावा म्हटल्यावर मी समजलो. पहाटे उठून सगळे कागद स्वतः छापून काढायची साहेबांना सवय आहे. काढायचे म्हणजे एक बटण दाबून चहा प्यायचा, मशीन काढत राहतं आणि ज्याचं त्याला पाठवूनही देतं. आज त्यांनी वसाहतीचे कागद बिल्डरला पाठवले होते. त्याची मला काळजी नव्हती, बिल्डर कागद उघडत नाही, तो फक्त कुठे सही करायची ते विचारतो. पण त्याच ढिगात साहेबांच्या स्वतःच्या बंगल्याचे कागदही होते. हा बंगला साहेब कित्येक वर्षं काढतायत. लोकांची घरं काढून झाली की उरलेल्या वेळात स्वतःचं काढायचं, असं चालत चालत आता कुठे पाया खणायची वेळ आली होती. नाश्त्याच्या टेबलावर मॅडमनी तो कागद पाहिला. साहेब मला हे सांगत होते तेव्हा पेपरवेट उगाच गोल फिरवत होते. मॅडमनी चष्मा लावून पाहिलं, चष्मा काढला, छान आहे म्हणाल्या आणि आंघोळीला गेल्या. साहेबांनी कागद उचलला तर झोपायच्या खोलीत दोन पलंग, एक इकडे आणि एक पार खिडकीशी. साहेबांनी तसं सांगितलेलं नव्हतं. म्हणजे मॅडमनी परस्पर ऑफिसात सांगितलं असणार. म्हणजे त्यांच्या मनात ते केव्हापासून असणार. मग मॅडम बाहेर आल्या, साहेबांनी त्यांना चहाचा कप दिला, तर त्या थँक्यू म्हणाल्या.

एवढ्या मोठ्या माणसाला असं बघवत नव्हतं. मला त्यांचं घर दिसायला लागलं: मॅडमना वाटतंय यांनी सांगितलं, यांना वाटतंय हिने सांगितलं, आणि दोघंही सुसंस्कृत, त्यामुळे दोघंही छान म्हणतायत. साहेबांनी हळूच विचारलं, मॅडमचा तुम्हाला फोन आला होता का. खरं सांगा, मी रागावणार नाही.

आता माझ्यापुढे दोन वाटा होत्या. हो म्हणालो असतो तर मी सुटत होतो आणि साहेब बुडत होते. खरं सांगितलं असतं तर साहेब सुटत होते आणि मी बुडत होतो. मी तिसरीच धरली. म्हणालो, नाही साहेब, सिस्टिममध्ये कधी कधी होतं असं, जोडलेल्या फाइली असतात, नेटवर्कचा काही घोळ झाला की वस्तू इकडच्या तिकडे सरकतात. साहेबांनी ऐकून घेतलं. मग कागद माझ्यापुढे सरकवून झालरीवर बोट ठेवलं.

"सिस्टिमने दिवा लावला?"

काचेच्या बाहेर ताई फाइल चाळत असल्याचं दाखवत होत्या. कपाट माझं, नियम माझे, आणि ऑफिसभर कळणार काय, तर कपाटाच्या घरचा पलंग वेगळा झाला. चुकीची लाज मला नव्हती. चुका होतात, प्रती ठेवलेल्या असतात. लाज होती ती त्या मधल्या जागेची. ती मी माझ्या हाताने आखली होती, मापात, आणि ती कशासाठी हेच मला ठाऊक नव्हतं. तरीही साहेब त्या झालरीवर बोट ठेवून बसलेले मला बघवेनात.

"साहेब," मी म्हणालो, "तो पलंग माझा आहे."

मग सगळं सांगितलं. इस्त्री, पेपर, बरं, झालर, दोघांना दिलेलं एक हो. साहेब अर्ध्यातच उठले, मला बसायची खूण केली आणि माझ्यासमोरच मॅडमना फोन लावला. अगं, ते आमच्या कपाटाचं आहे, असं काहीतरी ते सांगत सुटले. पलीकडून इतक्या मोठ्याने हसू ऐकू आलं की साहेबांनी फोन कानापासून लांब धरला. तेही हसायला लागले. मी हसावं की नाही हे न कळल्यामुळे पेपरवेटकडे बघत राहिलो. नंतर साहेब नुसतेच हं, हं करत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं होतं की मी दाराकडे तोंड फिरवलं. फोन ठेवून ते म्हणाले, पलंग जोडा, पण दिवा राहू दे म्हणतेय. मी म्हणालो, दोन्ही बाजूंना एकेक देतो. ते म्हणाले, झालर नको. माझी सुटका झाली असं वाटून मी उठलो तर त्यांनी विचारलं, मग तुमच्याकडे काय झालंय.

मी म्हणालो, काही नाही, मी घोरतो बहुतेक. बहुतेक म्हणजे, साहेब म्हणाले, विचारलं नाहीत? मी म्हणालो, तसा विषय निघाला नाही. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की अर्ध्या तासापूर्वीचे साहेब ते हेच का अशी मला शंका आली. जीवात जीव आला की माणूस लगेच दुसऱ्याला शहाणपण शिकवायला मोकळा होतो. ते म्हणाले, मी सकाळपासून तिला विचारायचं सोडून बाकी सगळं केलं. तुम्ही आज लवकर घरी जा आणि विचारा. आणि जायच्या आधी कपाटाला कुलूप घाला, म्हणजे घरून उघडता येईल पण बदलता येणार नाही. ताईंना चावी द्या. चावी म्हणजे पासवर्ड, तो मी ताईंना दिला तेव्हा त्यांनी काही विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, आमच्याकडे पांघरुणं दोन केली तेव्हापासून बरं आहे.

घर चालत जाण्याएवढं जवळ आहे, पण मी लांबून गेलो. फर्निचरच्या दुकानाच्या काचेत एक पलंग मांडलेला होता, त्यावर प्लास्टिक, आणि प्लास्टिकवर दुकानाचं मांजर. मी मांजराकडे बघत प्रश्न तयार करत होतो. तुला घोरण्याचा त्रास होतो का, हा प्रश्न सोपा होता आणि म्हणून निरुपयोगी. ती हो म्हणाली असती आणि मी पुन्हा बरं म्हणालो असतो. खरा प्रश्न चार शब्दांचा होता आणि तो मनात म्हणतानाही माझी जीभ अडखळत होती. मी चांगला ड्राफ्ट्समन आहे, कुठलीही वस्तू वरून कशी दिसते ते मला न बघता सांगता येतं. पण घर वरून बघायची सवय लागली की भिंतीची जाडी कळते, दार कुठे उघडतं ते कळतं. आत कोण जागं आहे ते नकाशात येत नाही. मी किती वर्षं झोपलेला होतो, शब्दशः, आणि माझ्या शेजारी काय चाललंय याची मला गंधवार्ता नव्हती. ती जागी राहून काय विचार करत असेल? मी कल्पना करायला लागलो आणि ज्या कल्पना आल्या त्या इतक्या वाईट होत्या की मी घराकडे वळलो.

ती दुकानातून नुकतीच आली होती, पर्स अजून खांद्यावर होती. लवकर कसे, तिने विचारलं, बरं नाही का. मी सगळी हकीकत सांगितली. ती आधी उभी होती, मग खुर्चीत बसली, मग टेबलावर डोकं ठेवून हसायला लागली. मधेच डोकं वर करून विचारलं, साहेबांच्या मॅडमचा पलंग कुठे गेला होता. खिडकीशी, मी म्हणालो, थोडा बाहेर. ती पुन्हा टेबलावर. मी पण हसलो. तिला हसवण्याचं काम माझ्याकडून बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं आणि ते झाल्याचा आनंद इतका होता की प्रश्न तसाच गिळून टाकावा असं वाटलं. पण गिळता येईना. ती डोळे पुसत असतानाच तो बाहेर पडला, आणि चार शब्दांचा राहिलाही नाही.

"तुला माझ्यापासून लांब व्हायचंय का?"

डोळे पुसणारा हात तिथेच थांबला. ती माझ्याकडे बघत राहिली, सकाळी बघते तशी, पण या वेळी नजर दुसरीकडे वळवली नाही.

"वेडे आहात का?" ती म्हणाली. "लांब व्हायचं असतं तर ती दुसरी खोली होती की. तुमच्याकडून नकाशा कशाला काढून घेतला असता?"

मी म्हणालो, मग घोरणं. ती म्हणाली, घोरता तेव्हा मी मस्त झोपते. मग तिने पर्स खांद्यावरून काढली, टेबलावर ठेवली आणि सांगायला लागली. तुम्ही घोरता, घोरता आणि मधेच थांबता. घोरायचे थांबता म्हणजे श्वासच थांबतो. त्या शांततेने मला जाग येते. आता येईल, आता येईल म्हणून मी वाट बघते आणि तो येत नाही. मग मी हात लावून बघते. हात लावला की तुम्ही दचकून कूस बदलता, अख्खा पलंग हलतो, तुम्ही परत घोरायला लागता आणि मी छताकडे बघत पडते. किती महिने चाललंय हे. दुकानात परवा एका गिऱ्हाइकाला चुकीचं औषध देत होते. म्हणून म्हटलं, पलंग तरी वेगळे असले तर तुमच्या कुशीबरोबर मी हलणार नाही. आणि डॉक्टरची वेळ घेतली आहे, गुरुवारची, आज सांगणारच होते. तुम्ही यायचं नाही म्हणायचं नाही.

हे सगळं ती सरळ आवाजात बोलली, फक्त श्वास येत नाही म्हणताना एकदा थांबली. मला काय वाटलं ते सांगायचं तर भीती वाटली, स्वतःची. आणि त्या भीतीच्या वर, लाजच वाटावी इतका आनंद झाला. माणसाला त्याचा श्वास अडतोय असं सांगावं आणि त्याला आनंद व्हावा. ती इतके दिवस जागून कसला विचार करत होती ते कळलं होतं, आणि मी दुकानातल्या मांजरासमोर केलेल्या कल्पनांपैकी एकही त्यात नव्हती. मी म्हणालो, मला उठवायचंस ना. ती म्हणाली, उठवलं की तुम्ही काय झालं, काय झालं करून घर डोक्यावर घेता. हे खरं आहे. मी म्हणालो, मग काल सांगायचंस. ती म्हणाली, काल मी झोप होत नाही म्हणाले आणि तुम्ही बरं म्हणालात, पुढे विचारलंत कुठे.

मी लॅपटॉप उघडला. आता कपाटाला कुलूप होतं, म्हणून आमच्या नकाशात कपाटातल्या पलंगाची वेगळी प्रत केली, आमच्यापुरती, कुणाला न जोडलेली. दोन भाग केले, ती बघत होती. किती सरकवू, मी विचारलं. ती उठून झोपायच्या खोलीत गेली. मी मागोमाग गेलो. तशीच, दुकानातल्या कपड्यांत, ती आपल्या बाजूला आडवी झाली, माझी उशी उचलून माझ्याकडे टाकली, मला पलीकडच्या भिंतीशी जमिनीवर झोपायला लावलं आणि सरका, आणखी सरका, करत जवळ जवळ आणलं. मग पलंगावरून हात खाली सोडला. बोटं माझ्या नाकाच्या शेंड्याला लागली तेव्हा म्हणाली, थांबा. इथे.

मी जमिनीवरून अंतर नजरेने मोजलं. सवय जात नाही.

"एवढीच जागा ठेवली तर मधून जाता यायचं नाही," मी म्हणालो.

"मधून जायचंय कुणाला?" ती म्हणाली, आणि हात तिथेच राहू दिला.